टिलीची सीट विमानात नेताना

इंग्रिड,
मी ड्यूटीवर निघालो. आपल्या टिलीची, लहान मुलांना गाडीत बसवायची कार सीट माझ्या गाडीतून काढून दाराशी ठेवलीय, चाकांच्या बॅगेला बांधून. सामानात देऊ नकोस, आपटतात मेले. विमानात आतच ने आणि खिडकीशी लाव. कुणी अडवलं तर सीटवर 'विमानात चालते' असं लिहिलेली लाल अक्षरं दाखव, उगाच भांडत बसू नकोस. तुझ्या आईच्या गाडीत लावताना सीटवर गुडघा रोवून पट्टा ओढायचा, नाहीतर ढिली राहते. इतके दिवस तो गुडघा माझा होता. आता तुझ्या भावाला सांग, नुसता मामा म्हणून मिरवतो.

तिकिटं जायचीच दिसली, परतीचं एकही नाही.

गाडीच्या मागच्या गादीवर सीटचे दोन खड्डे पडलेत. बराच वेळ हात फिरवला, वर येत नाहीत.

वेस