मोठा भाग बाबांचा

लोहा, ७ जुलै २०२४

चि. अयोध्यास, दादाचे अ. आ. वि. वि.

अगं, आला! लॅपटॉप आला! तुमच्या हॉस्टेलात मोबाईलला बंदी नसती तर कालच बोंब ठोकली असती. आईनं हळदकुंकू लावलं ते नेमकं कॅमेऱ्याच्या डोळ्यावर. आता त्यात सगळं घर पिवळं दिसून राहिलंय.

नांदेडचा दुकानदार म्हणला, डिस्कचे दोन भाग पाडा. एकात विंडोज, दुसऱ्यात आपलं सामान. विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली तरी दुसरा भाग शाबूत राहतो म्हणे. आपलं सामान म्हणजे बाबांचा गोंधळ. घशाच्या ऑपरेशनआधी मी मोबाईलवर घेतलेली दहा-बारा गाणी, तेवढाच त्यांचा आवाज उरलाय. डॉक्टर म्हणले आता गायला हरकत न्हाई, पण बाबा तोंड उघडीनात. तुणतुणं खुंटीला टांगलंय. विषय काढला की आवाज गेला म्हणतात अन् उठून जातात.

तर पाडू का भाग? बाबांचा बारका ठेवतो, बाकी माझ्या लग्नांच्या शूटिंगला. लवकर कळव, तोवर मी कशालाच हात लावत न्हाई. पोटभर जेवत जा, दादाची आठवण ठेव.

तुझा, व्यंकटदादा

लातूर, ११ जुलै

ती. दादास, अयोध्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी कॉटवर उड्याच मारल्या. मुलींना वाटलं, हिचं लग्नबिग्न ठरलं की काय! पाड भाग, बिनधास्त पाड. आम्हाला प्रॅक्टिकलला शिकवलंय. डिस्क कोरी आहे तोवरच कर, गाणी नंतर टाक. पण शहाण्या, भाग दोन झाले तरी डिस्क एकच ना! तुझ्या हातून जेवणाचं ताटसुद्धा पडतं. लॅपटॉप पडला तर दोन्ही भाग जातील. म्हणून गाणी पेनड्राइव्हवर घालून मलप्पामामांच्या लातूर गाडीनं मला पाठव. कंडक्टरचा भाचा असल्याचा तेवढा तरी उपयोग कर.

आणि भाग केवढा ठेवायचा हे ठरवणारा तू कोण रे? गाणी बाबांची, त्यांनाच विचार. मला त्यांच्या गाण्याची लई आठवण येते. आईला नमस्कार, आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझी, अयोध्या

लोहा, १६ जुलै

चि. अयोध्यास, दादाचे अ. आ. वि. वि.

विचारलं, अन् काय सांगू! स्क्रीनवरची लांब पट्टी दाखवून म्हणलं, बाबा, एवढा बारका तुकडा तुमचा, तुमच्या गाण्यांना रग्गड झाला. असे भडकले म्हणून सांगू! एवढ्याशा गाण्यांत गोंधळ बसतो का म्हणले. जिथं गोंधळ घालायचा तिथल्या देवाला आवतण द्यावं लागतं, दर गावचं येगळं, अन् मी अजून मेलो न्हाई. मोठा तुकडा माझा, बारका तुझ्या लग्नांचा! आई पदर तोंडाला लावून हसून राहिली होती. ऑपरेशन झाल्यापासून बाबा एवढे बोललेच नव्हते.

मी मुकाट्यानं तसं केलं. मोठा भाग उघडून दाखवला, तर सगळा रिकामा. बाबा स्क्रीनजवळ सरकले. मग म्हणले, देवीपुढं मांडलेला चौक रिकामा सोडून गोंधळी उठत न्हाई, अन् आईला तुणतुणं काढायला लावलं.

पुढचं लिहीत न्हाई. पेनड्राइव्ह मामांकडं दिलाय. शेवटचं गाणं ऐक अन् लगेच दोन ओळी टाक, जीव टांगणीला लागलाय.

तुझा, व्यंकटदादा

लातूर, १९ जुलै

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

ऐकलं! लॅबमध्ये हेडफोन लावून ऐकलं. आवाज फाटलाय, मधे खोकला आहे, आईनं पाण्याचा तांब्या ठेवला तोही ऐकू येतो. पण बाबा थांबले नाहीत रे! माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, माळेगावचा खंडोबा, सगळ्यांना आवतण गेलं. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात बाबांनी दम घेतला आणि लातूरच्या सिद्धेश्वराला हाक मारली.

दादा, लातुरात बाबांनी आजवर एकही गोंधळ घातलेला नाही. मी भर लॅबमध्ये हमसून हमसून रडले. सर धावत आले, काय झालं म्हणाले. मी सांगितलं, आमचे बाबा लातूरला आलेत.

तो भाग भरत राहा, आणि मला असाच जीव लाव.

तुझी, अयोध्या