धुराड्यातून निघालेली चार पोती

अण्णा, तुमच्या भट्टीच्या धुराड्यातून गेल्या आठवड्यात चार पोती काजळी निघाली. झटकली की उडते तसली काजळी नव्हे. काळी, चकचकीत, हाताला चिकटणारी, आणि काही ठिकाणी इतकी कडक की गवंड्याला छिन्नी लावावी लागली. टिटवाळ्याहून बोलावलेला तो माणूस बॅटरी मारून बराच वेळ वर बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, एवढ्याशा भोकातून धूर जात होता? नशीब समजा." तुमचं नाव जिभेवर आलं होतं, पण गेलेल्या माणसाची चहाडी परक्याकडे कशी करायची? म्हणून ती तुमच्याकडेच करते आहे.

तुम्ही ऐकून घेणार नाही, तरी सांगते. हे सगळं तुमच्या त्या दुपारच्या ओंडक्याने केलं. सकाळचा पाव निघाला, खारीचे ट्रे बाहेर आले की तुम्ही हात पुसत मागच्या अंगणात जायचात आणि ढिगातला सगळ्यात जाड, सगळ्यात ओला ओंडका निवडून आणायचात. आंब्याचा नाहीतर जांभळाचा, कापलेल्या जागी अजून पाणी सुटलेला. तो निखाऱ्यांवर ठेवायचा आणि भट्टीचं दार लोटून घ्यायचं, म्हणजे तो दुसऱ्या सकाळपर्यंत धुमसत राहणार आणि भट्टी विझणार नाही. वागळे इस्टेटमधून खोक्यांची सुकी फळकुटं टेम्पोने यायची, ती फक्त सकाळी आच चढवायला. भट्टी विझू द्यायची नाही, हा तुमचा नेम. दुकान उघडलं त्या दिवशी, म्हणजे माझ्या जन्माच्या वर्षी, तुम्ही पेटवलेला विस्तव तो. दिवाळीत कारागीर गावी गेले तरी तुम्ही नवा सदरा घालून बेकरीपर्यंत ओंडका टाकायला चालत जायचात, आणि इकडे घरी आई फराळाची ताटं मांडून बसलेली असायची. तिची ताटं थंड झाली तरी चालतील, भट्टी थंड होता कामा नये.

दहावीत असताना मी तुम्हाला समजावायला आले होते. "अण्णा, ओल्या लाकडाचा धूर गार असतो. वर जाता जाता तो भिंतीला चिकटतो आणि त्याचं डांबर होतं. एक दिवस ते पेटेल." तुम्ही पीठ मळत होता. मान वर न करता म्हणालात, "सुकं लाकूड तासाभरात राख. ओलं कसं सकाळपर्यंत तग धरतं. तुला विज्ञानात मार्क पडले म्हणून भट्टी तुझं ऐकणार आहे काय?" चारही कारागीर हसले. मी पुढचा महिनाभर बेकरीत पाऊल टाकलं नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल. धुराडं साफ करायचं तर भट्टी तीन-चार दिवस गार हवी, आणि तुमच्या राज्यात ते शक्यच नव्हतं.

तर अण्णा, ते पेटलं. गेल्या महिन्यातली सकाळ. मी गल्ल्याशी उभी आहे, आणि भिंतीतून शंभर स्टोव्ह एकदम भडकल्यासारखा आवाज येतो. बाहेर धावत जाऊन बघते तर धुराड्याच्या तोंडातून ज्वाळा, आणि ठिणग्या शेजारच्या नव्या बिल्डिंगवर उडताहेत. आपल्या जुन्या कारागिराने आतली पेटती फळकुटं ओढून काढली, दार लावलं, आणि वरचा भडका हळूहळू आपोआप बसला. थोड्या वेळाने तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या, हातात गोधडी. मधोमध ताटाएवढं जळालेलं भोक.

"नातवाचा पाळणा याच गॅलरीत असतो," त्या म्हणाल्या. "आज आत घेतलेला म्हणून वाचला."

मी म्हटलं, "आजी, हे माझ्या वडिलांपासूनचं साचलंय. किती सांगितलं, त्यांनी कधी ऐकलंच नाही."

"अगं, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली ना? मग रोज दुपारी तो धूर कोण करतं?"

अकरा वर्षं रोज तो ओंडका मीच टाकत होते, रोज तुमच्या नावाने चरफडत. सोसायटीने पंधरा दिवस दिले. धुराडं साफ करा, नाहीतर भट्टी बंद करायला लावू. त्यांचं काय चुकलं?

विझवायचं ठरलं तेव्हा जुना कारागीर हात बांधून उभा राहिला. "ताई, मी कामाला लागलो तेव्हा ही पेटलेलीच होती. माझ्या हातून नाय होणार." मग मीच निखारे ओढले. चार दिवस ग्राहक रिकाम्या पिशव्या घेऊन परत जात होते. मी भट्टीच्या गार विटांना हात लावून पाहिला आणि मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला.

आता धूर सरळ वर जातो. आजींनी गॅलरीत पुन्हा कपडे वाळत घातले आहेत. आणि अण्णा, ओंडका लागतच नाही! वाळलेल्या बाभळीचे निखारे राखेत नीट पुरून ठेवले की सकाळी लालबुंद असतात. आई गावी चुलीत रोज हेच करायची. तुमच्याशेजारी उभा जन्म काढला तिने, पण तुम्ही तिला एकदा विचारलं नाहीत. मीही नाही विचारलं.

भट्टी पुन्हा पेटली तेव्हा कारागिराने नारळ फोडला. मी सगळ्यांच्या आधी जाऊन काडी ओढली, असं त्याला वाटतं. काडी मी ओढलीच नाही. निखारे ओढले त्या दिवशी त्यातले चार मी घमेल्यात राखेखाली घालून रिक्षाने घरी नेले होते. सकाळ-संध्याकाळ कोळसा घालत चार दिवस गॅलरीत सांभाळले, आणि घरच्यांनी विचारलं तर डासांसाठी धुरी आहे म्हटलं. पाठवायची सोय असती तरी हे पत्र मी पाठवलं नसतं. इतकं चिडूनही तुमचा विस्तव मला विझवता आला नाही, हे तुम्हाला कळता कामा नये.