तीन सुकऱ्यांना एक बालक धरल्याबाबत

प्रति,
मा. डॉ. हेमचंद्र सबनीस साहेब,
आरोग्य अधिकारी तथा अध्यक्ष, सॉफ्टवेअर खरेदी समिती

विषय : एकाच बालकास गोवराची लस तीनदा टोचल्याच्या आरोपाचा खुलासा.
संदर्भ : आपली दि. ७ जुलै १९९७ ची नोटीस.

महोदय,

अर्जदार कुमुदिनी जयदेव राऊळ, राहणार बेलवली, बदलापूर, ही वांगणीपलीकडच्या पाड्यांवर गेली अकरा वर्षे आरोग्यसेविका आहे. नोंदी तपासणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरने तिच्या रजिस्टरात दोष काढला असून, सुकऱ्या नावाच्या एकाच मुलाला तिने एका दिवसात तीनदा लस टोचली, असे आपण कळवले आहे. सुकऱ्या एक नाही, तीन आहेत. एक नवसीचा, एक भिकीचा, एक विठाचा. शुक्रवारी जन्मलेल्या मुलाचे नाव सुकऱ्या ठेवायचे ही पाड्यावरची रीत. गेल्या सप्टेंबरात तीन शुक्रवारी एकाच पाड्यावर तीन मुलगे जन्मले, हा काही अर्जदाराचा गुन्हा नव्हे.

ही रीत आपणांस ठाऊक नाही असे म्हणायची सोय नाही. आपण सहा वर्षे त्याच भागात डॉक्टर होता. लसीची पेटी अर्जदाराकडून काढून स्वतःच्या खांद्यावर घेत होता. "काय बाई, शुक्रवारची पलटण जमली का?" असे हसून विचारणारे आपणच.

फेब्रुवारीत सॉफ्टवेअरची चाचणी अर्जदाराच्याच रजिस्टरावर झाली. "तुमच्याइतकं खरं रजिस्टर कुणाचं नाही," म्हणून आपण ते मागवले. तेव्हाच पडद्यावर तीन सुकऱ्यांचा एक झाला. मशीन नाव, पाडा आणि महिना पाहते, आईचे नाव पाहतच नाही, हे अर्जदाराने सर्वांदेखत सांगितले. कंपनीचे शशिकांत साहेब म्हणाले, दुरुस्तीला महिना लागेल. त्यावर आपण म्हणालात, "बाई, मार्चअखेर आली. आधी मशीन पदरात पाडून घेऊ, तुमचे सुकऱ्या मग बघू." अर्जदाराने विश्वास ठेवला. इतिवृत्तात मात्र 'क्षेत्रीय कर्मचाऱ्यांची हरकत नाही' असे लिहिले गेले, आणि पुरावा म्हणून जोडली ती अर्जदाराची हजेरीची सही. साहेब, केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच.

ज्यांनी पाड्याची पायरी न चढता टेबलाशी बसून मुलांची वजने लिहिली, त्यांची रजिस्टरे मशीनने शंभर टक्के शुद्ध ठरवली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

आता हुकूम असा, की दोन नोंदी बनावट होत्या असे अर्जदाराने लिहून द्यावे, नाहीतर निलंबन. म्हणजे लस तीनदा टोचली तरी गुन्हा, टोचली नाही तरी गुन्हा. यादीतून गळालेल्या दोघांना पुढचे डोसही नाहीत. नवसीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बाय, माजा पोऱ्या कुनी खोडला? तू खोडलास?" अकरा वर्षांत त्या दारातून अर्जदार प्रथमच मान खाली घालून परतली.

सबब अर्जदार असे काहीही लिहून देणार नाही. बुधवार दि. १६ रोजी ती तिन्ही मातांना बालकांसह आपल्या कार्यालयात घेऊन येत आहे. त्यांतला कोणता सुकऱ्या खरा, ते आपण बोट ठेवून सांगावे. उरलेल्या दोघींना त्यांची मुले जन्मलीच नाहीत, हेही आपणच त्यांच्या तोंडाकडे बघून सांगावे. त्यानंतर निलंबनाचा कागद अर्जदार निमूट घेईल.

आपली, अजूनही नम्र,
कुमुदिनी जयदेव राऊळ
आरोग्यसेविका
बदलापूर, दि. १४ जुलै १९९७

सोबत : १) नोटिशीची नक्कल. २) तीन मातांचे अंगठे.