गोळी कशी घेणार ते सांगा

तंजावूर, ९ सप्टेंबर २०२५

चि. अनिरुद्धरावास अनेक आशीर्वाद.

काल, सोमवार ८ सप्टेंबर, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, तू कॉलेजच्या दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवर हरिणीला सगळ्यांसमोर थांबवलंस. ती माझी नात म्हणून नव्हे, तुझी विद्यार्थिनी म्हणून लिहिते.

फार्मसीच्या मुलांना तू गुणवत्ता सुधारणा शिकवतोस. तिचा प्रकल्प त्याच विषयातला. औषध दिल्यावर ‘समजलं का’ असं विचारायचं नाही. गोळी कशी घेणार, ते पेशंटलाच सांगायला लावायचं. आपल्या गावात ‘समजलं का’ म्हटलं की जो तो ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणतो, आणि समजलं नसेल तर जरा मोठ्याने म्हणतो. तिने विचारलं तेव्हा निम्म्यांना धड सांगता आलं नाही. त्यावर तुझा हुकूम असा, की रांग लांबते, कॉलेजची तपासणी जवळ आली आहे, प्रश्न बंद आणि प्रकल्प नापास. मीही तुला दोन वर्षं शिकवलं आहे. हे माझ्या वर्गातलं नव्हे.

देवनागरी अवघड जाते ही सबब नको. तुझी आई, माझी वहिनी, वाचून दाखवील.

लोभ तूर्त आहे तेवढाच राहील.

वरलक्ष्मी आत्या

*

तंजावूर, १३ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र अम्माने वाचून दाखवलं. दोनदा हसली. हेही मी सांगतो आहे आणि तीच लिहिते आहे.

आत्या, तुमच्या वेळी सगळं तोंडी चालायचं. आता मोजावं लागतं. रांगेतला वेळ निम्म्यावर आला, तपासणीच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अम्मासुद्धा काल सांधेदुखीची नवी गोळी घ्यायला आली होती, दोन मिनिटांत मोकळी झाली. हरिणीने रांगेवर एक छान पोस्टर करावं, मी पास करतो.

राग मनात ठेवू नये.

अनिरुद्ध

*

तंजावूर, १७ सप्टेंबर

अनिरुद्धरावास,

आशीर्वाद या खेपेला वगळले आहेत.

काल वहिनीकडे गेले. तिच्या तोंडात फोड आले होते, कॉफीसुद्धा गिळवत नव्हती. नवी गोळी कशी घेतेस, असं मी विचारलं. रोज सकाळी एक, म्हणाली. पाकीट पाहिलं. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. खिडकीवरच्या मुलाने भराभर सांगितलं, समजलं का विचारलं, आणि माझं पत्र तुला स्वतः वाचून दाखवणारी तुझी आई ‘सरी’ म्हणून बाजूला झाली. का, तर मागे माणसं खोळंबली होती आणि रांग स्वतःच्या मुलाची होती.

मी तिला तसंच डॉक्टरांकडे नेलं. गोळी थांबवली आहे, रक्त तपासायला दिलं आहे. आणखी दोन दिवस गेले असते तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. तुला कळवू नको म्हणून तिने मला दोनदा बजावलं. मुलाचं आत्ताच कौतुक झालंय म्हणे. तिला लाज वाटते. तुला वाटायला हवी होती.

तुझ्या दोन मिनिटांत हे कुठे मोजलंस? शाळेत आमच्या नन चुकलेलं गणित पुसू देत नसत, शेजारी बरोबर करून दाखवावं लागे. तुझ्या मुलांना तू खाडाखोड शिकवतो आहेस, तीही सुबक अक्षरात.

तो प्रश्न खिडकीवर पुन्हा सुरू झाला, हरिणीचा निकाल बदलला, आणि वहिनीचं काय झालं हे तू वर्गात स्वतः सांगितलंस, एवढं मला लेखी हवं. शनिवार, २० सप्टेंबर, संध्याकाळी पाचच्या आत. फोन मी उचलणार नाही. वहिनी माझ्याकडे आहे, तेव्हा या वेळी उत्तर स्वतःच्या हाताने लिही.

वरलक्ष्मी