जावयाच्या टाचेवरचा तीळ

खुर्सीपार, भिलाई

बाबा, सप्रेम जय भीम.

आमी बरे आहो, आईले सांगजा. तुमच्या जावयाच्या टाचेवरचा काळा तीळ वर्षभर पसरून राहिला होता. मी दाखवा म्हटलं का हे म्हणत, "बुटाचा घट्टा आहे." शेवटी मीच ओढून नेलं. डॉक्टरनं तीळ कापून तपासला. कॅन्सर निघाला, पण खोल गेला नव्हता, म्हणून वाचले.

अन् आता आई फोनवर सांगते, तुमच्या अंगठ्याजवळचा तीळ वाढला, तर तुमी ब्लेडनं तासून चुना लावला! बाबा, लाज वाटली नाही? माह्यापासून कावून लपवलं? रक्त येते का? खरं सांगजा.

रविवारी येऊन राहिली. नाही म्हणाल तर चारचौघात भांडीन, पण दवाखान्यात नेईनच. रागावायले तरी बाप पाहिजे मले.

तुमची,
सत्यशीला