अडुसष्ट हजारचे कप्पे

सोमवार, ६ जुलै १९८७
आजही प्रोग्राम कोसळला! जुन्या प्रोसेसरचा कंपायलर — माणसानं लिहिलेले प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम — या नव्या ६८००० प्रोसेसरवर, युनिक्स सिस्टिमखाली बसवायचा — सातपूरच्या या गार खोलीत, मी एकटा. पुण्याचे साहेब म्हणतात, "एकट्यानं जमवलंस तर लगेच पर्मनंट. वर्षभर नाशिकचं मशीन तुझ्याच हवाली." मोठा मान! दिवसभरात बोललो कुणाशी? झाडायला येणाऱ्या मालनबाईंशी. दहा मिनिटं.

रविवार, १२ जुलै
पंचवटीत भाजीबाजारात तीन ठिकाणी कोथिंबिरीचा भाव विचारला. घ्यायची नव्हतीच. खोलीवर साधा स्टोव्ह नाही! एक बाई खेकसली, "घेनार हाय का नुसतंच इचारत हिंडताय?" बरं वाटलं. कुणीतरी बोललं.

मंगळवार, १४ जुलै
साहेबांचा ट्रंककॉल. "अडलं असेल तर जोडीला माणूस पाठवतो. पर्मनंटचं मात्र मग पुढच्या वर्षी बघू." मी ताडकन म्हणालो, "नको!" फोन ठेवला आणि स्वतःचाच राग आला.

गुरुवार, १६ जुलै
मालनबाईंनी टेबल पुसलं. मॅन्युअल, चष्मा, पेन्सिली — सगळं उचललं आणि पुसून झाल्यावर होतं तिथंच ठेवलं. म्हटलं, "इतकं कसं लक्षात राहतं?"
"दुसऱ्याचं हाय ना सायेब. व्हतं तसं ठिवावं. नायतर तुमी शोधत बसाल."
अर्धा चहा टाकून मशीनकडे धावलो! प्रोसेसरमध्ये आकडे ठेवायला मोजके कप्पे असतात. जुन्या मशीनवर प्रोग्रामच्या ज्या तुकड्याला, म्हणजे फंक्शनला, आपला आकडा पुन्हा हवा, त्यानंच तो आधी बाजूला काढून ठेवायचा. इथं रिवाज उलटा — जे फंक्शन कप्पा वापरेल, त्यानंच तो होता तसा भरून परत करायचा. मी जुनाच रिवाज लिहून बसलो होतो. दहा दिवस! अक्कल गहाण ठेवली होती की काय.

शनिवार, १८ जुलै
चाललं! कंपायलरनं स्वतःलाच तयार केलं, त्या नव्यानं पुन्हा स्वतःला — दोन्ही अगदी सारखे, म्हणजे चूक उरली नाही! ओरडलो, "झालं!"
मशीनच्या पंख्याची घरघर फक्त. मालनबाई लेकीच्या बाळंतपणाला विंचूरला गेल्यात. मशीनलाच म्हटलं, शाब्बास. मग रडलो. खरंच रडलो. असंच अजून वर्षभर, याच खोलीत!

सोमवार, २० जुलै
साहेबांना फोन लावला. म्हटलं, "नाही जमत, साहेब. माणूस पाठवा."