मुलगा येतो का, असे तिने विचारले तेव्हा

वृद्धाश्रम, वरसावे
दि. १९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. चंद्रावतीस,
दगडूदादाचे अ. उ. आ.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा फाडले. फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

दिवाळी झाल्यावर इथे एका चॅनेलची बाई कॅमेरा घेऊन आली होती. मला खिडकीशी बसवले आणि म्हणाली, काका, बाहेर बघत राहा. बाहेर पाण्याची टाकी आहे. मी टाकीकडे बघत राहिलो. मग तिने विचारले की मुलगा भेटायला येतो का. मी म्हणालो, कोण येतोय! कोणी येत नाही.

मी असे का म्हणालो ते तुला सांगायला नको. बोट मासळीने भरून आली तरी बंदरावर कोणी विचारले की आपण काय सांगायचो? काय न्हाय, रिकामीच आली. बाप तेच सांगायचा, आजाही तेच. चांगले असेल ते तोंडाने बोलायचे नाही, दृष्ट लागते. मी एकदाच चुकलो. तुझी अंबिकावहिनी आजारी होती तेव्हा शेजाऱ्यांना म्हणालो, आता बरी आहे, भाकरी खाते. आठ दिवसांत ती गेली. तेव्हापासून माझी जीभच धजत नाही.

पण टीव्हीवाल्यांना हे काय ठाऊक! त्यांनी माझ्या तोंडामागे रडके संगीत लावले आणि खाली लिहिले, पोटच्या मुलाने टाकलेला बाप. अगं, पराग दर रविवारी यायचा. इथे राहायचा हट्टसुद्धा माझाच. त्याच्या जेसल पार्कच्या घराला तीन जिने, दिवसभर तो आणि सूनबाई कामावर, नात शिवांगी शाळेत, मी दोनदा पडलो. हे त्या बाईने विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

आता दोन रविवार झाले, पराग आलेला नाही. फोन सूनबाई स्वप्नाली उचलते, ती काय बोलते ते मला ऐकू येत नाही. येतात ती परकी माणसे. केळी देतात, माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. केळी खाऊन पोट बिघडले. मॅनेजरांकडून चॅनेलला फोन करवला की मला पुन्हा बोलायचे आहे. ते म्हणाले, ती बातमी झाली, आता पुढच्या वर्षी बघू.

तू एकदा त्याच्या घरी जाऊन ये. तो आजारी तर नाही ना, एवढे तरी बघ. लोभ आहेच, सध्या जरा जास्त ठेव.

तुझा,
दगडूदादा


उत्तन
दि. २५ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
चंद्रावतीचा शि. सा. न. वि. वि.

नातीला, नेत्राला, बसवून लिहून घेते आहे. ती मधेमधे हसते, तिकडे लक्ष देऊ नकोस.

रविवारी जेसल पार्कला गेले होते. पराग ठणठणीत आहे. हे आधी सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. पण घरात कोणी धड बोलत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तुझा व्हिडिओ कोणीतरी टाकला. खालचे शेठजी, रोज केम छो म्हणणारे, आता मान फिरवतात. ऑफिसातही विचारणा झाली.

मी त्याला म्हटले, अरे, तुझा बाप येडा हाय, बंदरावर उभा असल्यासारखा बोलला. त्याला आपली रीत सांगितली. तर म्हणतो, आत्या, तू सारवासारव करतेस. त्याला तरी कसे कळावे? त्याला तू कधी बोटीवर पाऊल ठेवू दिलेस? शिक, शिक म्हणून भाईंदरला नेऊन ठेवलेस.

लोकांचे त्याला एवढे वाटत नाही, दादा. तो म्हणाला की मी समोर बसलेलो असतानाही बाबांना कोणी आलेले वाटत नसेल, तर जाऊन उपयोग काय. मग गॅलरीत जाऊन उभा राहिला. स्वप्नालीने डोळे पुसले आणि मला चहा दिला, त्यात साखर घालायची राहिली.

हे माझ्याने होणार नाही. तूच सांग त्याला. दृष्टीची भीती मलाही आहे, पण मुका राहिलास तर पोरगा हातचा जाईल. तब्येत सांभाळ, केळी बंद कर, आणि धाकट्या बहिणीवर रागावायचे तर पुढच्या पत्रात.

तुझी,
चंद्रावती


वृद्धाश्रम, वरसावे
दि. २८ नोव्हेंबर २०२५

चि. परागस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

आत्याने आपल्या रीतीचे सांगितले ते खोटे नाही. माझ्यासाठी ती खोटे बोलली असती तर मला आवडलेच असते, पण ती तशी नाही.

तू येतोस. हे मी कोणापुढे बोललो नाही, तुझ्यापुढेही नाही, म्हणून लिहितो. जुलैत घोडबंदरचा रस्ता अडला होता, तू तीन तास गाडीत बसून आलास आणि दहा मिनिटांत परत गेलास, कारण दुसऱ्या दिवशी शिवांगीची परीक्षा होती. इथल्या स्वयंपाकघरात मासे चालत नाहीत म्हणून तू बोंबलांचा डबा आणतोस आणि आपण फाटकाबाहेरच्या कठड्यावर बसून खातो. माझी नखे तू कापतोस. शेजारच्या खाटेवरच्या राघोला वाटते तू कंपाउंडर आहेस, कारण मी त्याला मुलगा म्हणून सांगितलेच नाही. शनिवारपासून मी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवतो. तू आलास की म्हणतो, कशाला आलास, काम नव्हते का. ते खरे नसते.

तुझ्या आईच्या वेळी मी बोललो आणि काय झाले ते तुला माहीत आहे. हे लिहिल्याने तुझे काही वाईट झाले तर मी काय करू? काल दिवसभर हाच विचार केला. पण मला तू आलेला दिसतच नाहीस असे तू मनात धरून बसलास, याहून वाईट दृष्ट आणखी कसली लागायची?

हे पत्र सोसायटीच्या बोर्डावर लावायचे तर लाव. खालच्या शेठजींना मराठी वाचता येत नसेल तर हिंदीत सांग. लावलेस तर मात्र त्या संध्याकाळी स्वप्नालीकडून मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून घे, हसण्यावारी नेऊ नकोस.

राघोला आज सांगितले की तू माझा मुलगा आहेस. तो म्हणाला, मग आला का नाही इतके दिवस?

रागावला असलास तर रागावलेलाच ये. येणे जमणार नसेल तरी मॅनेजरांच्या फोनवर तेवढे एक कळव. परवा रविवार आहे म्हणून हे पत्र आजच मॅनेजरांच्या माणसाबरोबर पाठवतो आहे, रविवारच्या आधी कळव.

तुझा,
बाबा